मार्गितबाईंना नकार

सत्यशीला हिवाळे हिला आपल्या बाईंची चूक सगळ्यांसमोर दाखवावी लागली तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती, आणि त्या बाईंना तिनं एकदाही पाहिलेलं नव्हतं. बाई हंगेरी देशातल्या एका लहान गावात राहायच्या. त्यांचं नाव मार्गित. सत्यशीला मनातल्या मनात त्यांना मार्गितबाई म्हणायची, शाळेत मास्तरणीला म्हणतात तसं.

तिचे वडील पुंजाराम हिवाळे साखर कारखान्यात फिटर होते. एक्क्याऐंशी साली बायको गिरिजाबाई आणि सहा वर्षांची ही एकुलती एक पोर घेऊन ते अंकुशनगरला आले आणि पुढची सगळी नोकरी कारखान्याच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये काढली. गाळप सुरू झालं की मळीचा वास कपड्यांत, अंथरुणात, भाकरीतसुद्धा यायचा. सत्यशीला त्याच वासात शिकली. अंबडला बारावी झाली, औरंगाबादला इंजिनिअरिंग केलं. शेवटच्या वर्षाला असताना आई गेली. वडील म्हणाले, "परीक्षा दे आधी," आणि तिनं दिली. मग पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली.

कंपनीत तिच्याकडे तपासणीचं काम होतं. दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर वेगवेगळ्या संगणकांवर चालवून बघायचं. तेवढे संगणक कंपनीकडे नव्हते, म्हणून ते लोक एक युक्ती वापरत. एकाच खऱ्या संगणकाच्या आत चार-पाच खोटे संगणक चालवायचे. आतल्या प्रत्येकाला वाटतं, आपण स्वतंत्र आहोत, आपली स्वतःची डिस्क आहे, मेमरी आहे. असा आतला संगणक म्हणजे व्हर्च्युअल मशीन. ते चालवणारं सॉफ्टवेअर ओपन सोर्स होतं, म्हणजे कोणाच्या मालकीचं नव्हतं. जगभरची माणसं ते मिळून लिहीत. कोणीही त्यातली ओळ न् ओळ वाचावी, दुरुस्ती सुचवावी. दुरुस्तीला पॅच म्हणत. पॅच एका सामाईक मेलिंग लिस्टवर पाठवायचा, तिथं सगळ्यांनी तो वाचायचा, चुका काढायच्या, पटला तर घ्यायचा. सत्यशीला वर्षभर नुसतीच ती पत्रं वाचत राहिली. लिहायची हिंमत झाली नव्हती.

दोन हजार तीनच्या दिवाळीत ती घरी आली ती स्वतः जोडलेला संगणक एसटीत मांडीवर घेऊन. क्वार्टरमधल्या टेबलावर तो मांडला, आत एक व्हर्च्युअल मशीन सुरू केलं, आणि दुपारी नेहमीप्रमाणे लाइट गेली. आली तेव्हा खरा संगणक ठणठणीत होता, पण आतला उठायलाच तयार नव्हता. त्याची डिस्क मोडली होती. तिला नवल वाटलं. आतल्या संगणकानं "लिहिलं" म्हणून सांगितलं होतं, आणि बाहेर खऱ्या डिस्कवर त्यातलं निम्मंही पोचलं नव्हतं. तिनं मुद्दाम बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद केलं.

"अगं, जळून जाईल ना ते!" पुंजाराम दारातून म्हणाले. "काय करून राह्यली तू?"

"बाबा, ह्याच्यात खोट हाय. लाइट गेल्याबिगर दिसत न्हाई ती."

सुट्टी तिनं ती खोट शोधण्यातच घालवली. परत जाताना जालन्यात उतरून एका सायबर कॅफेत बसली आणि आयुष्यातला पहिला पॅच लिस्टवर पाठवला. खाली सही केली, एस. हिवाळे.

उत्तर मार्गित नावाच्या कोणाकडून तरी आलं. डिस्कवर लिहिण्याचा सगळा भाग ही व्यक्ती सांभाळत होती. पत्र कोरडं होतं. "श्री. हिवाळे, तुम्ही दाखवलेली चूक खरी आहे. माझ्याकडे वीज क्वचित जाते, म्हणून ती माझ्या नजरेला आली नाही. पण तुमची दुरुस्ती चुकीच्या जागी आहे. पुन्हा लिहा."

तिनं पुन्हा लिहिली. ती परत आली. जागा बरोबर होती, पण कारण नीट मांडलेलं नव्हतं. "तुम्ही काय केलं ते कोडमध्ये दिसतंच. का केलं ते शब्दांत लिहा. दहा वर्षांनी कोणीतरी ते वाचेल आणि तेव्हा विचारायला तुम्ही नसाल." तिसऱ्यांदा परत आली, चौथ्यांदा घेतली गेली. सत्यशीलानं आधी कधी कोणाकडून इतक्या वेळा नाही ऐकून इतकं समाधान अनुभवलं नव्हतं. कारण त्या प्रत्येक नाहीमध्ये तिचं लिहिणं कोणीतरी शेवटपर्यंत वाचलेलं होतं. पुण्यात घर शोधताना घरमालक आधी आडनाव विचारायचे, मग गाव, मग "म्हणजे कोणत्यातले तुम्ही?" इथं हिवाळे म्हणजे कोण, हे कोणाला ठाऊक नव्हतं आणि कोणी विचारतही नव्हतं.

चार-सहा महिन्यांनी तिनं लिहिलं, "मी श्री. नाही. मी बाई आहे." उलट टपाली उत्तर आलं, "मीही. बरं झालं सांगितलंत." त्या पत्रात मार्गितबाईंनी पहिल्यांदा स्वतःबद्दल चार ओळी लिहिल्या. तरुणपणी त्या एका कापडगिरणीच्या संगणक विभागात होत्या, तिथं कार्डांना भोकं पाडून प्रोग्रॅम द्यावे लागत. लग्न केलं नाही. आता निवृत्त होऊन भाचीच्या शेजारी राहत होत्या. अंगणात जर्दाळूची झाडं होती. सत्यशीलानं कळवलं की आमच्याकडे शिकवणाऱ्या स्त्रीला बाई म्हणतात. त्यानंतर मार्गितबाई तिला पाठवलेल्या खासगी पत्रांखाली "बाई" अशी सही करू लागल्या.

पुंजाराम निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडावं लागलं. पुण्याला यायला ते तयार नव्हते. "तिथं मी कोणाशी बोलू?" म्हणाले. नेमकं त्याच सुमाराला परदेशातल्या एका कंपनीला त्या सॉफ्टवेअरवर काम करणारं माणूस हवं होतं, घरून काम केलं तरी चालणार होतं. मार्गितबाईंनी सत्यशीलाचं नाव सुचवलं. अशी ती जालन्याला आली. जुन्या जालन्यात एका कापडदुकानाच्या वर दोन खोल्या मिळाल्या. खाली हातगाड्या, ऑटो, ठोक बाजाराची हमाली. वर टेबल, टेलिफोनच्या तारेतून येणारं इंटरनेट आणि लोडशेडिंगसाठी घेतलेला इन्व्हर्टर. शेजारच्या बेबीनंदा मावशी पुंजारामांना विचारायच्या, "पोरगी घरीच राहती, मंग पगार कोण देतं?" पुंजाराम ऐटीत सांगायचे, "बाहेरदेशातून येतो. काम बराबर केलं का पोचतो."

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात मार्गितबाईंच्या हातून काहीतरी निसटायला लागलं.

आधी अगदी बारीकसारीक गोष्टी होत्या. आठवड्यापूर्वी पाठवलेला पॅच त्यांनी पुन्हा पाठवला. एकदा लिस्टवर असा प्रश्न विचारला ज्याचं उत्तर त्यांनी स्वतःच महिन्याभरापूर्वी दिलं होतं. कोणीतरी थट्टा केली, की सुट्टी घ्या आता. त्यांनीही हसून उत्तर दिलं. मग त्यांचा एक मोठा पॅच आला. डिस्कवर लिहिणं त्यानं जवळजवळ दुप्पट जलद होत होतं. मोजमापं जोडलेली होती. दिवसभरात लिस्टवर कौतुकाची पत्रं आली. नवी आवृत्ती निघायच्या बेतात होती, तिच्यात तो घ्यायचं ठरलं.

सत्यशीलानं तो ओळ न् ओळ वाचला. आतल्या संगणकाच्या डिस्कला आणखी जागा लागते तेव्हाच्या एका प्रसंगात, लिखाण खऱ्या डिस्कवर पोचायच्या आधीच "पोचलं" असं कळवलं जात होतं. वेग आला होता तो त्यातूनच. मधेच वीज गेली तर आतलं सगळं जाणार होतं. पोचल्याशिवाय "पोचलं" म्हणायचं नाही, हे तिच्या पहिल्या पॅचच्या वेळी मार्गितबाईंनीच तिच्याकडून पक्कं करून घेतलं होतं.

तिनं त्यांना खासगी पत्र लिहिलं. शब्द जपून वापरले. उत्तर आलं, "मी नीट तपासलं आहे. ते बरोबर आहे. तुम्ही लक्ष घातलंत याबद्दल आभार." तिनं उदाहरण देऊन पुन्हा लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "मी नीट तपासलं आहे. ते बरोबर आहे. तुम्ही लक्ष घातलंत याबद्दल आभार."

तेच शब्द, त्याच क्रमानं. आदल्या पत्राचा उल्लेखही नव्हता. सत्यशीला ते पत्र कितीतरी वेळ बघत बसली. त्या दोन ओळींत काय आहे ते तिला कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं असं वाटत होतं.

जेवताना तिनं वडिलांना सांगितलं. पुंजारामांना सॉफ्टवेअरमधलं फारसं कळत नव्हतं, पण त्यांना माणूस कळला.

"त्याच बाई ना, ज्यांनी तुला काम लावून देल्तं?"

"हो."

"मंग त्यांना चुकलं म्हणून सांगणार तू? सगळ्यांच्या पुढं?"

"एकटीला सांगून बघितलं बाबा. दोनदा."

पुंजारामांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "अप्पाराव गुरुजी नसते तर मी ढोरामागं गेलो असतो. सातवीपर्यंत त्यांनी ओढत नेलं मला. म्हातारपणी त्यांचा पाढा चुकायचा. तेराचा पाढा. आम्ही मोठाले बाप्ये भेटायला गेलो का ते म्हणून दाखवायचे, अन् आम्ही ऐकून घ्यायचो. कोणाची जीभ न्हाई रेटली."

"पाढा चुकून कोणाचं काही गेलं न्हाई बाबा. ह्यानं जाणार हाय. कोणाच्या दवाखान्याचे रिपोर्ट असतील त्याच्यावर, कोणाचं दुकान असंल."

"मंग दुसऱ्या कोणाला सांगू दे की."

"दुसऱ्याला दिसलंच न्हाई. त्यांचं नाव बघून कोणी वाचलंच न्हाई नीट."

पुंजारामांनी उठून हात धुतले. "तुझं तू बघ. मला न्हाई पटत," एवढंच म्हणाले.

तिनं लिस्टवर पत्र लिहिलं. अशा वेळी वापरायचा एक ठरलेला शब्द त्या लोकांत होता, त्याचा अर्थ सरळ नकार. तो तिनं पहिल्याच ओळीत लिहिला. खाली चूक कुठे आहे ते सांगितलं आणि कोणालाही स्वतःच्या संगणकावर करून पाहता येईल अशी चाचणी जोडली. क्षमा मागणारं एक वाक्य शेवटी लिहिलं होतं, ते खोडलं. मार्गितबाईंनीच एकदा सांगितलं होतं, चूक दाखवताना माफी मागू नका, वाचणाऱ्याला वाटतं तुमची खात्री नाही. मग पत्र पाठवलं.

उत्तरं यायला लागली. अमेरिकेतल्या एकानं लिहिलं, "तुम्ही शाळेत होता तेव्हापासून त्या हे काम करताहेत." दुसऱ्यानं सुचवलं की हिवाळे यांना त्यांची जागा हवी असावी. सत्यशीलानं कोणालाच उत्तर दिलं नाही. दोन दिवसांनी जपानमधल्या एका माणसानं कळवलं, "मी चाचणी चालवली. डिस्क मोडली." मग आणखी दोघांनी तेच लिहिलं. त्यानंतर लिस्टवर त्या विषयावर कोणी बोलेना. मार्गितबाईंचंही काही नाही. आठवडा गेला, दुसराही संपत आला. सत्यशीला सकाळी उठून आधी संगणक उघडायची आणि काही नाही म्हणून बंद करायची. पुंजाराम विचारत नव्हते, पण चहाचा कप तिच्या हाताशी ठेवून थोडा वेळ उभे राहायचे.

मग सगळ्यांना एक ओळ आली. "हिवाळे बरोबर आहेत. मी हा पॅच मागे घेते."

आणि तासाभरानं तिला एकटीला, मोठं पत्र.

"मी रागावले नाही असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. रागावले होते. मग तुमची चाचणी चालवली, आणि माझ्याच संगणकात माझी आधीची दोन उत्तरं सापडली. ती मी लिहिल्याचं मला आठवत नाही. वसंत ऋतूपासून डॉक्टरांकडे जाते आहे. त्यांनी रोगाचं नाव सांगितलं आहे, ते तुम्हीही ओळखलं असेल. घरात मी चाव्या विसरते, शेजाऱ्यांची नावं विसरते. पण कोड वाचताना वाटायचं, निदान इथं तरी मी पूर्ण आहे. इथंही नाही, हे तुमच्यामुळे कळलं. आता एक मागते. मी जे लिहीन ते आधी तुम्हाला पाठवीन. तुम्ही वाचा, आणि चुकलं तर अडवा. आणि थांबायची वेळ येईल तेव्हा ते तुम्हीच सांगा. माझी भाची इल्दिको सांगणार नाही. ती फार प्रेमळ आहे. — बाई."

सत्यशीलानं ते पत्र वडिलांना मराठीत वाचून दाखवलं. पुंजाराम खिडकीतून खाली रस्त्याकडे बघत ऐकत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "लई जड काम देलं तुला."

वडिलांचं म्हणणं खरं निघालं. तो सगळा हिवाळा आणि पुढचा उन्हाळा मार्गितबाईंचं लिखाण सत्यशीलाच्या टेबलावरून लिस्टवर गेलं. कोणाला ते माहीत नव्हतं. कधीकधी बाई असं काही पाहायच्या की सत्यशीला थक्क व्हायची. इतक्या वर्षांच्या जुन्या कोडमधली एक चूक त्यांनी नुसती वाचून काढली, ती तिच्यासकट कोणाला दिसली नव्हती. आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना साधी फाइल सापडायची नाही. ती चुकलेलं परत पाठवायची. कारण नेहमी लिहायची, पूर्ण वाक्यांत, त्यांनी शिकवलं होतं तसं. ते परत पाठवणं वाढत गेलं. स्वीकारलेलं कमी कमी होत गेलं. स्वतःचं काम, कंपनीचं काम आणि हे, असं तिहेरी ओझं घेऊन ती बसायची. तिच्या केसांत पांढरं दिसायला लागलं तेव्हा बेबीनंदा मावशींनी मेंदी आणून दिली.

पुढच्या पावसाळ्यात एक पॅच आला. वर कारण लिहिलेलं होतं, सुरेख, मुद्देसूद. खाली कोडच नव्हतं. तिनं तसं कळवलं. मग जे आलं ते कोणत्या तरी फार जुन्या संगणकभाषेत होतं. बहुधा गिरणीतल्या. सत्यशीला ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचत गेली. त्यातलं तिला काही कळत नव्हतं, पण न वाचता उत्तर देणं तिला जमलं नसतं.

दोन दिवस ती शब्द जुळवत होती. शेवटी एकच वाक्य लिहिलं. "बाई, आता थांबा."

उत्तर लगेच आलं. "आभार. उद्या सगळ्यांना कळवते." आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी त्यांनी कळवलं, एकही शब्द न चुकता, की यापुढं हा भाग एस. हिवाळे पाहतील, त्यांनी नाही म्हटलं तर ते नीट ऐकावं. लिस्टवर निरोपाची पत्रं कितीतरी दिवस येत राहिली. अमेरिकेतल्या त्या माणसानं सत्यशीलाला वेगळं लिहिलं, "मला तेव्हा माहीत नव्हतं." तिनं उत्तर दिलं, "कोणालाच नव्हतं."

त्यानंतर मार्गितबाईंची पत्रं विरळ झाली, मग थांबली. वर्षभरानं त्यांच्या पत्त्यावर पाठवलेले ईमेल परत यायला लागले. कोणता भाग कोण सांभाळतं याची एक फाइल कोडसोबत असायची. तिच्यात अजून मार्गितबाईंचं नाव सत्यशीलाच्या नावाच्या वर होतं, आणि लोक त्या बंद पत्त्यावर पॅच पाठवत राहायचे. कोणीतरी हळुवारपणे आठवण दिली की ते नाव काढायला हवं, आणि ते हिवाळ्यांनी काढावं हेच बरं. सत्यशीला ते आज-उद्या करत राहिली. एक दिवस पुंजारामांनी विचारलं, "जेवत का न्हाईस?" तेव्हा तिनं सांगितलं.

"नाव काढाया हरकत न्हाई," ते म्हणाले. "पण आधी माणसाला भेटून यावं."

"ते काय अंबडला हाय का बाबा?"

"मला म्हाइत हाय कुठं हाय ते. तुला त्या लोकांनी बोलवलं ना जर्मनीला, मीटिंगला? तिथून जा. अन् मी ऱ्हातो बिलकुल ठीक. बेबीनंदा डबा देती."

म्हणून सत्यशीला गेली. मीटिंग संपल्यावर दिवसभर रेल्वेत बसून ती त्या गावात उतरली. इल्दिको स्टेशनवर घ्यायला आली होती. तिचं इंग्रजी मोडकंतोडकं होतं. रस्त्यातच तिनं सांगून टाकलं, "मावशीचं इंग्रजी गेलं. सगळं गेलं. आता फक्त आमची भाषा बोलते. तुम्हाला ओळखणार नाही."

मार्गितबाई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. सत्यशीलाला वाटलं होतं त्याहून फार ठेंगण्या. पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, अंगात लोकरीचा करडा स्वेटर. त्यांनी पाहुणीकडं नीट पाहिलं, शेजारच्या खुर्चीकडं बोट केलं आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या. सत्यशीला बसली. ओळख होती ती सगळी इंग्रजीतून, लिहून झालेली. तेवढाच एक धागा होता आणि तो आता नव्हता. इल्दिको कॉफी करायला आत गेली.

मार्गितबाई बोलू लागल्या. हळू, सरळ, मधेच थांबून, हातानं हवेत काहीतरी मांडत. काय सांगत होत्या देव जाणे. पण त्यांची सांगायची तऱ्हा सत्यशीलाला ओळखीची वाटली. एक मुद्दा, त्याचं कारण, मग पुढचा. त्या थांबल्या आणि तिच्याकडं बघत राहिल्या, आता तुझी पाळी, अशा नजरेनं.

सत्यशीलाला इंग्रजीत काय बोलायचं ते तिनं रेल्वेत ठरवून ठेवलं होतं. ते तिला आता नको वाटलं. ती मराठीत बोलली.

"बाई, मी अंकुशनगरची. माझे बाबा कारखान्यात फिटर होते," ती म्हणाली. "माझी आई गेली तेव्हा मला रडायला येळ भेटला न्हाई. पुण्यात घर मिळत नव्हतं मला, आडनाव ऐकून लोक दार लावायचे. तुम्ही माझं लिहिलेलं तीनदा परत पाठवलं, पण दार न्हाई लावलं. तुम्हाला नकार देला त्या दिवशी मला घास उतरला न्हाई. अन् थांबा म्हणाले त्या दिवशी पण."

हे तिनं आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. मार्गितबाई शेवटपर्यंत ऐकत होत्या. मग त्यांनी मान हलवली आणि पुन्हा आपल्या भाषेत बोलायला लागल्या. इल्दिको कॉफी घेऊन दारात उभी राहिली, आणि दोघींपैकी कोणालाही थांबवलं नाही. अशी ती दुपार गेली. निघताना सत्यशीला वाकून पाया पडली, तेव्हा म्हातारी दचकली, आणि मग तिनं सत्यशीलाच्या कोटाचं वरचं उघडं बटण लावून दिलं, बाहेर थंडी होती म्हणून.

जालन्याला परतल्यावर पुंजारामांनी दारातच विचारलं, "वळखलं का त्यांनी?"

"न्हाई."

"मंग? काय बोलल्या?"

"लई बोलल्या," सत्यशीला म्हणाली. "कळलं न्हाई मला काही."

पुंजारामांनी तिची बॅग उचलून आत ठेवली. खाली दुकानात कापडाचे गठ्ठे उतरवण्याचा आवाज चालला होता. आंघोळ करून, जेवून ती टेबलाशी बसली. फाइल उघडली, नाव काढलं, आणि पॅचच्या वर कारण लिहिलं. ते तिनं सावकाश लिहिलं, पूर्ण वाक्यांत: हा भाग मार्गित यांनी सुरू केला आणि अनेक वर्षं सांभाळला, आता त्या आजारी आहेत आणि या पत्त्यावर उत्तर देऊ शकत नाहीत, यातली कोणतीही गोष्ट अशी का आहे असा प्रश्न पडला, तर त्यांची जुनी पत्रं वाचावीत. खाली सही केली. या वेळी पूर्ण नाव लिहिलं, सत्यशीला पुंजाराम हिवाळे. वाचून पाहिलं, आणि पाठवलं.